उशीर होऊ शकतो, हे इंग्लिशमध्ये नीट कसं कळवायचं

समजा लोकल कल्याणच्या पुढे रखडलीय, दहाची मीटिंग आहे, उशीर होईलच असं नाही पण होऊ शकतो, तर सरळ टाइप करा, 'आय माइट बी अ फ्यू मिनिट्स लेट फॉर द टेन ओ'क्लॉक मीटिंग'. माइटमध्ये 'कदाचित' आलंच, वर परत मेबी नको. आपल्याकडे सर्रास 'माइट गेट लेट' लिहितात, कळतं सगळ्यांना, पण बी लेट जास्त बरोबर. उशीर नक्कीच होणार असेल तर मग 'आय'म रनिंग अबाउट फिफ्टीन मिनिट्स लेट', आणि मिनिटं खरी सांगा राव, पाच सांगून अर्ध्या तासाने उगवलात तर इंग्लिश कितीही गोड असो, साहेब तापणारच. पुढे 'प्लीज स्टार्ट विदाउट मी' टाकलं की बाकीचे ताटकळत बसत नाहीत.

क्लायंट असेल तर जरा नरमाईने, 'आय'म अफ्रेड आय मे बी स्लाइटली लेट', इथे अफ्रेडचा घाबरण्याशी काही संबंध नाही, नुसती अदब आहे. सॉरी एकदाच. कारण एका ओळीत बास, सिग्नल फेल्युअरची अख्खी कहाणी कुणी वाचत नाही. आणि हो, लेटच्या जागी लेटली नका लिहू, त्याचा अर्थ हल्ली, अलीकडे.