सागरी परिसंस्थेच्या मॉडेलमधील प्राचलांची संवेदनशीलता कशी तपासावी

पोषकद्रव्य, वनस्पतिप्लवक, प्राणिप्लवक आणि मृत सेंद्रिय कण असे चारच घटक असलेल्या साध्या मॉडेलमध्येही दहा-पंधरा प्राचले (वाढीचा दर, मृत्युदर यांसारख्या मॉडेलला आधी ठरवून द्याव्या लागणाऱ्या किमती) सहज जमतात, आणि त्यांतील बरीचशी समुद्रात थेट मोजता येत नाहीत.

विश्लेषणापूर्वी कोणत्या फलिताची संवेदनशीलता, म्हणजे प्राचल बदलल्यावर ते फलित किती बदलते हे, तपासायची ते नेमके ठरवावे. वार्षिक प्राथमिक उत्पादन आणि प्लवकांच्या बहराचा दिवस या दोन फलितांसाठी महत्त्वाची प्राचले सहसा निराळी निघतात. नायट्रेट शोषणाचा अर्धसंपृक्तता स्थिरांक (ज्या नायट्रेट-प्रमाणाला शोषणाचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ते प्रमाण) प्रति घनमीटर ०.५ वरून १ मिलिमोल केला, तर नायट्रेट १० मिलिमोल असताना वाढीचा गुणक (कमाल वाढीचा प्रत्यक्षात मिळणारा अंश) ०.९५ वरून ०.९१ एवढाच उतरतो, नायट्रेट ०.२ मिलिमोल असताना मात्र तो ०.२९ वरून ०.१७ वर येतो. वार्षिक सरासरीत हा फरक बुजून जाऊ शकतो, म्हणून ऋतुवार आकडे वेगळे काढावेत.

प्रत्येक प्राचलाला सरसकट दहा टक्के कमी-जास्त करणे सोयीचे असले, तरी ते फारसे समर्थनीय नाही. प्रयोगांत आढळलेल्या किमतींवरून पल्ला ठरवावा आणि तो दहापटींत पसरलेला असल्यास नमुने लॉगरिदमी श्रेणीवर, म्हणजे प्रत्येक दहापटीत सारखेच, घ्यावेत.

एका वेळी एकच प्राचल बदलल्यास परस्परक्रिया निसटतात, आणि या मॉडेलांत त्या भरपूर असतात. प्राणिप्लवकांचा मृत्युदर स्थिर मानल्यास समतोलातील वनस्पतिप्लवकांचे प्रमाण चराई व मृत्यूच्या प्राचलांवरून ठरते. वाढीचा दर वाढवला, तरी जादा उत्पादन चरणाऱ्यांच्या पोटात जाते. केवळ वनस्पतिप्लवक पाहणाऱ्याला वाढीचा दर निरुपद्रवी वाटेल!

म्हणून आधी १९९१ मध्ये मांडलेल्या मॉरिस पद्धतीने चाळणी लावावी. तिच्यात प्राचलांच्या पल्ल्यांत यादृच्छिक ठिकाणांहून मार्ग सुरू करून प्रत्येक पायरीवर एकेक प्राचल बदलतात. २० प्राचले आणि १० मार्ग घेतल्यास मॉडेलच्या २१० धावा पुरतात. प्राथमिक परिणामांच्या (एका पायरीत प्राचलाच्या बदलामागे फलितात झालेल्या बदलाच्या) निरपेक्ष मूल्यांची सरासरी प्राचलाचा प्रभाव दाखवते, तर त्यांचे प्रमाण विचलन मोठे असल्यास अरेषीयता किंवा परस्परक्रिया संभवते. उरलेल्या पाच-सहा प्राचलांसाठी सोबोल निर्देशांक काढावेत; फलितातील एकूण चढउताराचा किती वाटा प्राचलाचा एकट्याचा (प्रथम निर्देशांक) आणि किती परस्परक्रियांसह (एकूण निर्देशांक), हे ते सांगतात. सगळ्या २० प्राचलांसाठी १,००० मूळ नमुने घेतले, तर प्रथम आणि एकूण निर्देशांकांना मिळून २२,००० धावा लागतात, ज्या त्रिमितीय मॉडेलला सहसा परवडत नाहीत.

प्रत्येक धावेतील सुरुवातीची स्थिरावण्याची वर्षे वगळावीत. कोसळलेल्या धावा मात्र गुपचूप गाळू नयेत, कारण त्या बहुधा पल्ल्याच्या एकाच कोपऱ्यात साचलेल्या असतात आणि त्यांना वगळल्यास निर्देशांक एका बाजूला झुकतात. अशा वेळी त्या धावांतील प्राचलांच्या किमती नोंदवून पल्लाच पुन्हा तपासावा.