आजारपणात वृद्धांच्या स्नायूंची झीज कशी रोखावी

ताप, न्यूमोनिया किंवा जुलाबातून उठलेली सत्तरीपुढची व्यक्ती पूर्वीसारखी चालेनाशी झाली, की घरचे ‘आता वय झाले’ म्हणून विषय संपवतात. पुष्कळदा दोष वयाचा कमी आणि अंथरुणाचा अधिक असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना १० दिवस सलग झोपवून ठेवले होते. शिफारशीइतकी प्रथिने आहारात असूनही त्यांच्या पायांतील चरबीविरहित ऊतींचे वजन सुमारे एक किलोने घटले. ज्याला आधीच ताप आहे आणि जेवण जात नाही, त्याची झीज याहून कमी होईल असे मानायला आधार नाही.

म्हणून वृद्ध व्यक्ती धडधाकट असतानाच तिच्या ताकदीची नोंद करून ठेवावी. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर तिला बसवावे, हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठून बसण्यास सांगावे आणि मोबाइलवर वेळ मोजावा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास सार्कोपेनियाची, म्हणजे स्नायूंची ताकद व वस्तुमान घटण्याच्या विकाराची, शंका घ्यावी. पोटरीचा सर्वांत जाड भागही मोजपट्टीने मोजावा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर हा त्याच निकषांतील इशारा आहे. मात्र पायांवर सूज असेल तर हे माप फसवे ठरते. वजनकाट्यावरही फार विसंबू नये, कारण स्नायू घटून चरबी वाढली तरी काटा जागचा हलत नाही.

आजार सुरू झाल्यावर डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली नसेल, तर जेवण अंथरुणात न देता खुर्चीवर बसवून द्यावे, आणि शक्य असेल तोवर बेडपॅनऐवजी आधार देऊन स्वच्छतागृहापर्यंत चालवत न्यावे. मायेपोटी सगळे जागेवर आणून देणारे घर येथे नकळत नुकसान करते. उठताच येत नसेल, तर पडल्यापडल्या घोटे वरखाली करणे आणि गुडघा बिछान्यावर दाबून मांडी आवळणे एवढे तरी दिवसातून काही वेळा करून घ्यावे. रुग्णालयात असल्यास सलाइन किंवा लघवीची नळी अजून खरोखर लागते का, हे रोज विचारावे. या नळ्या माणसाला खाटेला बांधून ठेवतात.

आहारात आपल्याकडची अडचण पेज आणि मऊभात ही आहे. ते पचायला हलके असतात, पण त्यांत प्रथिने फारच थोडी. मूत्रपिंड सुदृढ असलेल्या वृद्धांनी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम आणि आजारपणात १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञगटांचे मत आहे. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला एरवी ६० ते ७२ ग्रॅम लागतील. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि पेलाभर दुधात साधारण तेवढीच. त्यामुळे मऊभातात मुगाची डाळ वाढवावी, दही, पनीर किंवा शिजवून कुस्करलेले मासे द्यावेत आणि हे एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत विभागावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

तरीही केवळ खाण्याने भागत नाही. बॉस्टनमधील एका वृद्धसेवा संस्थेत झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरासरी ८७ वर्षांच्या १०० रहिवाशांपैकी ज्यांनी १० आठवडे पायांचा वजनी व्यायाम केला त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसते पूरक पेय घेतलेल्यांच्या ताकदीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. घरी याची सुरुवात खुर्चीवरून उठण्या-बसण्याने, ओट्याला धरून टाचा उचलण्याने आणि भिंतीवर हात टेकून दंड घालण्याने करावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत, पण शेवटची काही आवर्तने जड वाटली पाहिजेत. सहज जमू लागले की भार वाढवावा. श्वास रोखू नये. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असल्यास व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, आणि छातीत दुखणे, चक्कर किंवा अवाजवी धाप जाणवताच थांबावे.

बरे झाल्यावर खुर्चीची चाचणी पुन्हा घेऊन जुन्या नोंदीशी ताडून पाहावी. महिन्या-दीड महिन्यानंतरही वेळ पूर्वपदावर आली नसेल, मध्ये व्यक्ती पडली असेल किंवा वजन विनाकारण उतरत असेल, तर फिजिओथेरपिस्टबरोबरच वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी, कारण थायरॉइडचा विकार, ताब्यात नसलेला मधुमेह, नैराश्य आणि न चावता येणारे दात हीदेखील अशक्तपणामागची कारणे असू शकतात.