ट्रायलोबाइट शोधायचाय? मग आधी थर बघा, हातोडा नंतर

ट्रायलोबाइट म्हणजे फार पूर्वी समुद्रात राहणारे, आता नामशेष झालेले कवचवाले प्राणी, त्यांचे जीवाश्म खडकांत सापडतात. ते शोधायला पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण एकच चूक करतात, हातोडा हातात आला की दिसेल तो दगड फोडत सुटतात आणि दुपारी रिकाम्या हाताने बसतात. मीपण केलंय. तर आधी त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा बघा आणि कॅम्ब्रियन खडक नक्की कुठे उघडे पडलेत ते शोधा. कॅम्ब्रियन म्हणजे साधारण ५३.९ ते ४८.५ कोटी वर्षांपूर्वीचा काळ, पण ट्रायलोबाइट दिसायला लागतात ५२.१ कोटींच्या आसपास, त्यामुळे सगळ्यात खालचे थर फोडून बिळांच्या नाहीतर सरपटल्याच्या खुणा मिळतील, ट्रायलोबाइट नाही. नेहमीचा नियम वरचा थर नवा, खालचा जुना, फक्त डोंगर घड्या पडून उलटे झाले असतील तर हा नियमही उलटा होतो.

खडक कुठला घ्यायचा? बारीक दाण्याचा, पापुद्र्यासारखा सुटणारा शेल सगळ्यात बेस्ट. चुनखडीतही सापडतात पण बाहेर काढताना घाम फुटतो. स्लेट, म्हणजे दाबाखाली कडक झालेला शेल, असेल तर जरा सावध, कारण दाबामुळे ती मूळ थरांना आडवी फुटते, मग ट्रायलोबाइट मधूनच कापला जातो किंवा ओढल्यासारखा वाकडा दिसतो.

आता शेलमध्येसुद्धा प्रत्येक थरात माल नसतो, आणि खरी गंमत इथेच आहे. अमेरिकेत युटामधला व्हीलर शेल घ्या, तिथे एल्राथिया किंगी नावाचा साधारण दोन सेंटीमीटरचा ट्रायलोबाइट ढिगाने मिळतो, पण जो थर साचताना समुद्राच्या तळाच्या पाण्यात ऑक्सिजन अजिबात नव्हता त्या थरात तो नाही, आणि ऑक्सिजन भरपूर होता तिथे बाकीच्या प्राण्यांनी चिखल उकरून सगळं विस्कटलेलं. तो सापडतो या दोन्हींच्या मधल्या, जेमतेम ऑक्सिजनवाल्या थरांत. म्हणून थर कडेने नीट बघा, बारीक सरळ रेषा दिसल्या तर थांबा, ढवळल्यासारखा दिसला तर पुढे चला.

अजून एक युक्ती. उताराच्या पायथ्याशी पडलेले तुकडे आधी बघायचे, त्यात अवशेष दिसले की हळूहळू वर चढत जायचं, आणि जिथून वर असे तुकडे मिळणं बंद होतं तिथेच आसपास तुमचा थर असतो.

फोडताना गॉगल लावाच, शेलची कपची डोळ्यात गेली तर खेळ खल्लास. शेलची पाटी तिच्या कडेवर उभी धरा, पातळ छिन्नी थराच्या रेषेवर ठेवा आणि चारही बाजूंनी हलके टोले देत फिरा, एकाच जागी जोरात हाणू नका. उघडली की दोन्ही अर्धे जपून ठेवा, एकावर प्राणी आणि दुसऱ्यावर त्याचा ठसा असतो. प्रकाश तिरपा हवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा, भर दुपारी उठाव दिसतच नाही. एल्राथियाच्या बाबतीत नशीब चांगलं, त्याच्या खालच्या बाजूला कॅल्साइटचा (चुनखडीतलं खनिज) जाड थर चढलेला असतो म्हणून तो कधीकधी बटणासारखा आख्खा सुटून हातात येतो. बाकीचे एवढे समजूतदार नसतात.

सापडला म्हणून नाचायच्या आधी भिंगातून बघा. ट्रायलोबाइट या नावातले तीन भाग (ट्राय म्हणजे तीन) म्हणजे डोकं-धड-शेपूट असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते उभे तीन आहेत, मधला कणा आणि दोन्हीकडच्या बाजू. हा प्राणी आयुष्यात अनेकदा कात टाकायचा, त्यामुळे तुम्हाला मिळणारे बरेचसे तुकडे मेलेल्या प्राण्याचे नसून टाकलेल्या कातीचे असतात. डोक्याच्या दोन्ही कडेचे गालाचे भाग गायब असतील तर बहुतेक तेच. काही मिलिमीटरचा, डोकं आणि शेपूट सारखंच दिसणारा, मध्ये फक्त दोन खंड असलेला दाणा मिळाला तर तो अ‍ॅग्नोस्टिड, फेकू नका! असे छोटे जीव लांबलांबच्या समुद्रांत पसरले होते म्हणून थरांचं वय जुळवायला फार कामाचे. याउलट ओलेनेलस नावाचा ट्रायलोबाइट दिसला तर तुम्ही खालच्या कॅम्ब्रियनमध्ये आहात, तो पुढे वरच्या थरांत मिळत नाही.

मिळालेल्या दगडावर लगेच नंबर टाका, वरची बाजू बाणाने दाखवा, आणि वहीत जागा आणि ओळखीच्या थरापासून किती वर-खाली ते लिहा. कंटाळा येतो, मान्य. पण ऑरिक्टोसेफॅलस इंडिकस बघा, हिमालयातल्या स्पितीमधून वर्णन केलेला ट्रायलोबाइट, आज वुलियन या कॅम्ब्रियन टप्प्याची सुरुवात जगभरात त्याच्या पहिल्या दिसण्यावरून धरतात आणि त्या सुरुवातीसाठी प्रमाण मानलेलं ठिकाण चीनमध्ये आहे. कुठल्या थरातला ते कोणी लिहिलंच नसतं तर हे जुळलं असतं का?

आणि परवानगी. कॅनडातला जीवाश्मांसाठी प्रसिद्ध बर्जेस शेल नॅशनल पार्कमध्ये आहे, तिथे एक कपचीसुद्धा उचलायची नाही. युटातल्या सरकारी मोकळ्या जमिनीवर मात्र साधे ट्रायलोबाइट थोडेफार स्वतःच्या संग्रहासाठी घेता येतात, विकायला नाही. घरी आणताना एकेक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळा, आणि धुवायच्या नादात शेल पाण्यात बुडवू नका, काही शेल भिजले की पापुद्रे सुटतात. सुका ब्रश पुरतो.