लहानमोठ्या कोंबड्या एकाच खुराड्यात? खाद्याच्या या चुका टाळा

परसातल्या कोंबड्या सगळ्या एका वयाच्या कधीच नसतात. चार अंड्यावरच्या, एक कोंबडा, दोन-तीन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि खुडकीने नुकतीच काढलेली दहा पिल्लं. मोठ्या पोल्ट्रीत एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी, त्यामुळे खाद्य ठरलेलं. आपलं अंगण एक, पोतं एक आणि तोंडं मात्र चार वयांची.

सगळ्यांत महागात पडते ती सरसकट लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, घालण्याची चूक. अंडी देणाऱ्या कोंबडीला कवचासाठी चुना लागतो, म्हणून त्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लाला आणि तलंगेला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर काढताना कोवळी मूत्रपिंडं निकामी होतात. पिल्लं पेंगतात, पांढरं पातळ हगतात आणि एकेक करून मरतात. माझी सहा पिल्लं अशी गेली. मी मानमोडी रोग (राणीखेत) समजून घाबरलो होतो. जनावरांच्या डॉक्टरांनी एक पिल्लू उघडून दाखवलं, तर हृदयावर आणि यकृतावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर होता. तेव्हापासून पहिलं अंडं दिसेपर्यंत मी कुठल्याच पक्ष्याला लेयर मॅश लावत नाही.

मग मिसळलेल्या कळपाला घालायचं काय? सोळा ते अठरा टक्के प्रथिनांचं ग्रोअर मॅश (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) सगळ्यांना, आणि शेल ग्रिट (कुटलेल्या शिंपल्या) वेगळ्या भांड्यात. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरतं ग्रिट स्वतःहून टिपते. पिल्लं एक-दोन चोची मारून सोडून देतात. कोंबड्यालाही जास्तीचा चुना नको असतो, त्याचीही सोय होते. ग्रिट खाद्यात कालवायचं मात्र नाही, कालवलं की पिल्लांना निवडच उरत नाही. भुकटीपेक्षा भरड तुकडे घ्या. कवच बहुतेक रात्री घडतं आणि जाड तुकडे पोटात सावकाश विरघळत रात्रभर चुना पुरवतात. कोकणात तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून वापरता येतात. अंड्याची टरफलं वापरणार असाल तर वाळवून बारीक चुरा. अख्खी टाकली तर कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागू शकते, आणि ती मोडणं फार अवघड.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना मात्र ग्रोअर कमी पडतं, त्यांना वीस टक्क्यांच्या पुढे प्रथिनं हवीत. बरेच जण तांदळाची कणी किंवा भरडलेला मका घालून मोकळे होतात. त्यात प्रथिनं आठ-दहा टक्केच, म्हणून पिल्लं खुरटतात आणि पिसं नीट भरत नाहीत. त्यांना चिक मॅश, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, द्या, पण मोठ्यांच्या चोचीपासून लांब. डालगं पालथं घालून कडेखाली तीन दगड ठेवा. फट एवढीच ठेवा की पिल्लू आत जाईल, कोंबडी नाही. आत खाद्य, उथळ थाळीत पाणी, आणि डालग्यावर वजन. पहिल्या दिवशी आई बाहेर कासावीस होते, दुसऱ्या दिवशी शेजारीच बसून राहते.

चिक मॅशच्या पोत्यावरचं लेबल मात्र वाचा. काहींत रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं. तसं खाद्य अंड्यावरच्या कोंबड्यांना लागू देऊ नका.

ग्रिट समोर असूनही अंडी पातळ कवचाची येत असतील तर महिना पाहा. मे महिन्यात कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात, खातात कमी, आणि कवच पातळ होतं. अशा वेळी खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर घाला, पाणी सावलीत ठेवा.

पावसाळ्यात पोतं थेट जमिनीवर ठेवू नका. गोळे धरलेलं, कुबट वास येणारं खाद्य वाळवून वापरू नका, ते टाकूनच द्या. बुरशीचं विष उन्हाने जात नाही, आणि पिल्लं त्याला पहिली बळी पडतात.

एकच भांडं असेल तर दांडग्या कोंबड्या तलंगांना हुसकावतात. दोन-तीन भांडी एकमेकांपासून लांब ठेवा. तरी शंका वाटली तर संध्याकाळी खुराडं लावताना एकेकीच्या गळ्याखालची पिशवी चाचपा. पोटभर खाल्लेलीची भरलेली लागते. जिची रिकामी लागेल, तिला दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळं घाला.