डुलत, झुलत की झोकांड्या खात? डुलत्या चालीचे शब्द वापरताना या चुका टाळा

द्वैभाषिक शब्दकोशात अनेक शब्दांसमोर ‘डुलत चालणे’ एवढाच अर्थ दिलेला असतो आणि अनुवाद तिथेच घसरतो. बदक डुलते, हत्ती डुलतो, दारुडाही डुलतो. पण म्हणून तिघांची चाल एक होत नाही. शब्द निवडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. शरीराचा कोणता भाग हलतो आहे? ते हलणे चालणाऱ्याच्या ताब्यात आहे का? आणि बघणारा कौतुक करतो आहे की टर उडवतो आहे? खालच्या बहुतेक चुका यांपैकी एखादा प्रश्न गाळल्यामुळे होतात.

प्राणी जसाच्या तसा उचलणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक. संस्कृतातली ‘गजगामिनी’ ही निखळ स्तुती आहे: घाई नसलेली, लयीत पडणारी, डौलदार चाल. इंग्रजीत मात्र एखादी बाई हत्तीसारखी चालते म्हटले, की तो अपमान होतो. अशा वेळी हत्ती सोडावा आणि लय ठेवावी.

‘हंसगामिनी’ची गंमत आणखी वेगळी. संस्कृत ‘हंस’, जर्मन ‘गान्स’, लॅटिन ‘आन्सेर’ आणि इंग्रजी ‘गूस’ हे एकाच मुळातून आलेले शब्द. पण नाते सापडले म्हणून इंग्रजी अनुवादात ‘गूस’ घालू नये. तिथे तो पक्षी बावळटपणाचे प्रतीक आहे, आणि ‘गूस-स्टेप’ म्हणजे गुडघा न वाकवता पाय फेकत केलेले लष्करी संचलन. तमिळमध्ये ‘अन्न नडै’ असा शब्दप्रयोग भेटतो. मराठी डोळ्याला त्यात जेवण दिसते; प्रत्यक्षात ‘अन्नम्’ म्हणजे हंस आणि ‘नडै’ म्हणजे चाल. अर्थ हंसगतीच, आणि सूर कौतुकाचाच.

बदक बहुतेक ठिकाणी विनोदीच. त्याचे पाय आखूड, एकमेकांपासून लांब आणि शरीराच्या मागच्या बाजूला असतात; म्हणून प्रत्येक पावलाला सगळा भार त्या त्या बाजूला न्यावा लागतो. इंग्रजी ‘वॉडल’, जर्मन ‘वात्शेल्न’ आणि स्पॅनिश ‘आनादेआर’ (‘आनादे’ म्हणजेच बदक) या तिन्हींत हे हेलकावणे आहे. नायिकेच्या चालीला यांतला एकही शब्द लावू नये.

आवाजावरून अर्थ ताडणे

घरच्याच शब्दांपासून सुरुवात करू. ‘तो झोकात चालला’ म्हणजे ऐटीत. ‘त्याचा झोक गेला’ म्हणजे तोल गेला. ‘झोकांड्या खात चालला’ म्हणजे पडता पडता सावरत. शब्द एका घरातले, पण पहिल्यात ताबा पूर्ण आहे आणि पुढच्या दोन्हींत सुटलेला. मराठी शिकणारे इथे हमखास फसतात.

मराठी माणूस तसाच बंगालीत फसतो. ‘हेलेदुले’ ऐकून त्याला ‘हेलपाटत’ आठवते, पण बंगाली शब्दात निवांत, मजेत डुलणे आहे. तोल जाण्यासाठी तिथे ‘टला’ हे क्रियापद आहे. पोर्तुगीज ‘जिंगार’चा उच्चार ‘झिंगार’च्या जवळ जातो आणि आपल्याला लगेच झिंगलेला माणूस दिसतो. खरे तर ते लयीत, ताब्यात राहून झुलणे आहे. कापोएरा या ब्राझीलमधल्या युद्धकलेची पायाभूत हालचाल ‘जिंगा’ याच क्रियापदावरून आली, आणि त्यात तोल सुटला तर खेळच संपला.

जपानी जोडशब्दांत एका व्यंजनाने चित्र बदलते. ‘फुराफुरा’ म्हणजे भोवळ आल्यासारखे, अंगात त्राण नसलेले चालणे. ‘बुराबुरा’ म्हणजे काही काम नसताना रमतगमत फिरणे. ‘योरोयोरो’ थकलेल्या किंवा दुबळ्या माणसाचे अडखळणे, तर ‘योचियोची’ रांगणे सोडून नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे. दारुड्यासाठी ‘चिदोरीआशी’ हा शब्द आहे, अक्षरशः टिटवीच्या कुळातल्या चिदोरी पक्ष्याचे पाय. मराठीत तिथे पक्षी आणायची गरज नाही, ‘झिंगत’ पुरते.

कंबर नसलेल्या ठिकाणी कंबर आणणे

इटालियन ‘आंकेज्जारे’ आणि फ्रेंच ‘से देआंशे’ या दोन्ही क्रियापदांत नितंबासाठीचा शब्दच दडलेला आहे. तिथे ‘लचकत’ किंवा ‘मुरडत’ चालेल, पण मराठीतल्या ‘मुरडत’ला नापसंतीची छटा आहे हे विसरू नये. फारसी-उर्दूतल्या ‘ख़िराम’ला मात्र ‘लचकत’ लावणे म्हणजे कवितेचा खूनच. तिथे डौल आणि संथपणा आहे, अवयवाकडे बोट नाही. फ्रेंच ‘शालूपे’ तर ‘शालूप’ या होडीच्या नावावरून आले आहे. त्याला ‘हेलकावे घेत’ चपखल बसते.

गोड व्युत्पत्तीवर विश्वास ठेवणे

इंग्रजी ‘सॉन्टर’ हा शब्द पवित्र भूमीकडे, म्हणजे फ्रेंच ‘सँत तेर’कडे निघालेल्या यात्रेकरूंवरून आला, ही गोष्ट अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोच्या लेखनामुळे फार पसरली. शब्दकोशकार ती मानत नाहीत. ‘सॉन्टर’ म्हणजे रमतगमत चालणे, एवढेच धरावे. इंग्रजीतलाच ‘सॅशे’ (ऐटीत, मिरवत चालणे) फ्रेंच नृत्यातल्या ‘शासे’ या पदन्यासावरून आला, हे मात्र पक्के आहे. जर्मन ‘टॉर्केल्न’ म्हणजे झोकांड्या खाणे. त्याचे मूळ द्राक्षे पिळण्याच्या यंत्राच्या लॅटिन नावात सापडते.

मूल आणि रुग्ण यांना एकच शब्द

‘ठुमकत’ म्हटले की मराठीत बहुधा तरुणी डोळ्यांपुढे येते. तुलसीदासांच्या पदात मात्र बाळ राम ठुमकत चालतो, आणि तिथे मराठीत ‘लुटुलुटु’ अधिक जवळचे.

वैद्यकीय मजकुरात तर ‘डुलत चालणे’ पूर्ण टाळावे. नितंबाच्या बाजूचे स्नायू दुबळे असले, की उभ्या पायाच्या विरुद्ध बाजूला कटिभाग खाली जातो आणि तोल सांभाळायला धड उभ्या पायाकडे झुकते. दोन्हीकडचे स्नायू दुबळे असतील, तर बदकासारखी चाल दिसते. लहान मेंदूच्या विकारात पाय फाकवून, वेडीवाकडी पावले टाकत चालले जाते. बदकासारख्या चालीसाठी ‘दोन्ही बाजूंना झुकत चालणे’ आणि लहान मेंदूच्या विकारातल्या चालीसाठी ‘पाय फाकवून, तोल जात चालणे’ असे सरळ वर्णन लिहावे. रुग्णाच्या माहितीपत्रकात ‘झिंगत’ हा शब्द येऊ देऊ नये. वाचणाऱ्याला तो दारूचा आरोप वाटतो.