घरात पक्षी असेल तर गॅसवर काय चढवावं

पुण्यात तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात उभं राहून विचारा, "घरी लव्हबर्ड आहेत, हा तवा चालेल ना?" नव्वद टक्के वेळा उत्तर येईल, "पीएफओए-फ्री आहे, बिनधास्त न्या." दुकानदार खोटं बोलत नसतो. तो फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. पीएफओए हे नॉनस्टिकचा थर बनवताना कारखान्यात पूर्वी सर्रास वापरलं जाणारं रसायन. पक्ष्याच्या जिवावर बेततो तो खुद्द थर, म्हणजे पीटीएफई. टेफ्लॉन हे त्याचंच बाजारातलं एक नाव. खोक्यावर पीएफओए-फ्री लिहिलेल्या तव्यात पीटीएफई असू शकतं, बहुतेकदा असतंच.

पीटीएफई साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की विघटित व्हायला लागतं. त्यातून निघणारे वायू आणि अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत, पक्ष्याला घातक ठरतील इतक्या प्रमाणात असले तरी नाकालाही फारसे कळत नाहीत. धिरडं घालताना तवा सहसा एवढा तापत नाही, हे खरं. पण मोठ्या आचेवर रिकामा ठेवलेला नॉनस्टिक तवा दोन ते पाच मिनिटांत ही मर्यादा ओलांडतो. दारावर कुरिअर आलं, फोन वाजला, की तेवढा वेळ गेलाच.

माणसाला याने सहसा ताप, अंगदुखी, खोकला होतो आणि दीड-दोन दिवसांत उतरतो. पक्ष्याची श्वसनाची रचनाच वेगळी. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे हवा एकाच दिशेने वाहते आणि श्वास घेताना व सोडताना, दोन्ही वेळा फुप्फुसांतून ताजी हवा जात राहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू मिळवायला ही उत्तम सोय. हवेत विष असेल तर तेही तितक्याच कार्यक्षमतेने आत जातं. फुप्फुसांत रक्तस्राव होतो, पाणी भरतं आणि पक्षी काही मिनिटांत जाऊ शकतो. आपल्याकडे ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात ते पट्ट्यापट्ट्यांचे छोटे बजरीगर तर यात फारच नाजूक. कॉकटील, फिंच, खरे लव्हबर्ड, मोठे पोपट, कोणीच यातून सुटत नाही.

म्हणून भांडं घेताना एकच कसोटी लावायची: हे गॅसवर रिकामं विसरलं तर त्यातून काय बाहेर पडेल? रोजच्या शहाण्या वापरात ते कसं वागतं याला इथे किंमत नाही.

खोक्यावरचे शब्द

ग्रॅनाइट, मार्बल, स्टोन, डायमंड, टायटॅनियम ही नावं बहुतेक वेळा ठिपक्यांची किंवा थर कडक करणाऱ्या भुकटीची असतात. खाली पीटीएफईच असतं. "सिरॅमिक" शब्दाशी जपून. खरा सिरॅमिक थर सिलिकाचा असतो, त्यात पीटीएफई नसतं. पण "सिरॅमिक रीइन्फोर्स्ड नॉनस्टिक" म्हणजे पीटीएफईत सिरॅमिकचे कण. खोक्यावर "पीटीएफई-फ्री" असं स्पष्ट छापलेलं असेल तरच सिरॅमिक घ्या, आणि वर्ष-दीड वर्षात त्याचा गुळगुळीतपणा जाईल हे धरून चाला.

हार्ड अ‍ॅनोडाइज्ड हा सगळ्यात फसवा प्रकार. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा कडक थर. तो निर्धोक आहे. मात्र त्याच्यावर आतून पुन्हा नॉनस्टिक मारलेली भांडी त्याच नावाने, त्याच रांगेत ठेवलेली असतात. नुसतं अ‍ॅनोडाइज्ड असेल तर आतून-बाहेरून सारखंच मंद राखाडी दिसतं, बोट फिरवलं की किंचित खरखरीत लागतं. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा काळी आणि निसरडी असेल तर कोटिंग आहे. घरातलं जुनं, खोकं हरवलेलं भांडं ओळखण्याची खात्रीची घरगुती चाचणी नाही. पाण्याचा थेंब सिरॅमिकवरही गोळा होतो, आणि चुंबक फक्त बुडातलं लोखंड सांगतं. शंका असेल तर ते नॉनस्टिक समजा. "तापवून बघू" हा प्रयोग तर करूच नका.

काय घ्यावं

धिरडी, आंबोळ्या, डोसे यांसाठी बिडाचा तवा. पोळ्या-भाकरीला साधा लोखंडी तवा, तो बहुतेक घरांत असतोच. पोहे, उपमा, सुक्या भाज्यांना ट्राय-प्लाय स्टीलची कढई, म्हणजे दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली. एकूण जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास हवी. पातळ स्टील एकाच जागी तापतं, तिथे अन्न लागतं आणि मग धूर होतो. साधं अ‍ॅल्युमिनियम, हिंडालियम, काच, मातीची भांडी ही पक्ष्याच्या दृष्टीने चालतात. आप्पेपात्रही बिडाचं मिळतं. नॉनस्टिकचं घेण्याची गरज नाही.

पितळेच्या पातेल्यांसाठी तांबट आळीत गेलात तर भांडी जरूर घ्या, पण एक लक्षात ठेवा: कल्हई करताना तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतात आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो. कल्हईवाला दाराशी आला असेल तर पिंजरा आधी घराच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या.

बिडाचा तवा तयार करणं

इथेच बरेच जण चुकतात. नॉनस्टिक फेकून बिडाचा तवा आणतात, मोठ्या उत्साहाने त्याला तेल लावून धूर येईपर्यंत तापवतात, आणि पिंजरा शेजारच्या हॉलमध्ये असतो. तेलाचा धूरही पक्ष्याला घातकच. त्यामुळे हे काम गच्चीवर छोट्या शेगडीवर करा. घरातच करायचं असेल तर पक्ष्याला दिवसभर दुसऱ्या घरी पाठवा.

नव्या तव्यावर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेल किंवा मेण लावलेलं असतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि काथ्याने तो दोन-तीनदा घासा. मग तांदळाच्या पेजेत किंवा भाताच्या निवळीत रात्रभर ठेवण्याची जुनी रीत आहे, तीही चांगली. सकाळी धुऊन लगेच पुसा आणि मंद आचेवर पूर्ण कोरडा करा. आता रिफाइंड तेलाचे चार-पाच थेंब पुढून, मागून, दांड्यापर्यंत चोळा आणि कोरड्या फडक्याने इतकं पुसून काढा की तेल लावलंच नव्हतं असं वाटावं. जाड थर राहिला तर तवा चिकट होतो, आणि पुढचे पंधरा दिवस प्रत्येक डोशाला धूर सोडतो. मध्यम आचेवर तापवा, धूर येऊन थांबला की गॅस बंद करून निवू द्या. हे चार वेळा. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं.

पहिला आठवडा धिरडीच घाला. मंद-मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तवा तापू द्या, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवा, मग पीठ. पहिलं धिरडं फाटणार. त्याचं दुःख नको. धिरडं सुटत नसेल तर आच वाढवू नका, अर्धा मिनिट थांबा. कडा वर आल्या की उलथनं घाला.

तेल आणि आच

लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची सध्या आवड आहे. चव उत्तमच, पण रिफाइंड न केलेलं तेल साधारण १६० अंशांलाच धुरायला लागतं. रिफाइंड शेंगदाणा तेल २३० च्या आसपास, साजूक तूप २५० च्या जवळ. म्हणून घाण्याचं तेल वरून घ्यायला, चटणीवर आणि हलक्या फोडणीला. तव्यावर आणि तळणीला तूप किंवा रिफाइंड. स्टीलच्या कढईत पाण्याचा थेंब टाकला आणि तो मोत्यासारखा नाचला की कढई साधारण १९०-२०० अंशांवर आहे. आच कमी करा, तेल घाला, लगेच जिन्नस घाला. थेंब नाचल्यानंतरही आच मोठीच ठेवली तर तेल जळणारच. दूध तापवायचं पातेलं आधी पाण्याने विसळून घ्या, म्हणजे तळाला लागत नाही. करपलेलं दूध, कोरडा पडून जळालेला कुकर आणि त्याची रिंग, ज्योतीवर आलेला बॅकेलाइटचा (काळ्या कडक प्लास्टिकचा) दांडा, या सगळ्यांचा धूर पक्ष्याला त्रासदायक असतो.

तव्यांपलीकडचं नॉनस्टिक

तवे बदलले तरी सँडविच मेकर, राइस कुकरचं आतलं भांडं, एअर फ्रायरची टोपली, इस्त्रीचा तळ, रोटी मेकर यांत पीटीएफई राहून जातं. एअर फ्रायर २०० अंशांवर चालतो, म्हणजे कागदावर मर्यादेच्या आत. पण नवं यंत्र पहिल्यांदा तापवताना वास येतोच, आणि थर्मोस्टॅट बिघडल्यावर आकड्याला अर्थ उरत नाही. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्याचा एअर फ्रायर मिळतो, तो घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिंजऱ्याजवळ बल्ब लावत असाल तर साधा काचेचा लावा. फुटून काचा उडू नयेत म्हणून प्लास्टिकसारखा थर दिलेल्या हीट बल्बांत पीटीएफई असू शकतं. अशा बल्बांमुळे कोंबड्या दगावल्याची नोंद आहे.

पिंजरा कुठे

पुण्यातल्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी पिंजऱ्याला सोयीची वाटते: पाणी आहे, ऊन येतं, कचरा झाडता येतो. पण ती स्वयंपाकघराला लागून असते आणि अनेक फ्लॅटमध्ये चिमणीचा पाइप तिथेच बाहेर काढलेला असतो. म्हणजे ओट्यावरचा सगळा धूर थेट पिंजऱ्यावर. पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी तर वायू बाहेर टाकतच नाही, गाळल्यासारखं करून घरातच सोडते. स्वयंपाकघरापासून सगळ्यात लांबची, दार लागणारी खोली निवडा. तिथे अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर नको.

जुनं नॉनस्टिक "वापरत नाही, नुसतं आहे" म्हणून फडताळात ठेवू नका. आत्या चार दिवस राहायला येतात, सवयीने तोच हलका तवा काढतात. कोटिंग काविलथ्याने खरवडून "आता साधाच झाला" असंही होत नाही, थर थोडाफार राहतोच. सरळ भंगारात द्या.

तरीही झालंच तर

पक्षी चोच उघडून श्वास घेतोय, प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली होतेय, तोल जातोय, दांडीवरून तळाशी उतरलाय: ही लक्षणं दिसली की आधी पिंजरा उचलून घराबाहेर न्या, जिन्यात किंवा गच्चीवर. जाता जाता गॅस बंद. खिडक्या उघडत बसणं नंतर. बाकीचे पक्षी ठीक दिसले तरी त्यांनाही बाहेर काढा. मग भोकं पाडलेल्या छोट्या खोक्यात मऊ फडकं घालून पक्षी ठेवा, अंधार आणि ऊब राहू द्या. चोचीत पाणी, मध, काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत आणि सगळ्यांकडे ऑक्सिजनची सोय नसते. या दोन्ही गोष्टी आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर लावून ठेवा. निघताना फोनवर इतकंच सांगा: कुठला पक्षी, काय तापलं होतं किंवा जळालं, किती वाजता. पक्षी सावरला तरी पुढचे दोन दिवस त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवा, कारण फुप्फुसांत पाणी उशिराही भरू शकतं.