गेम खेळताना संगणक रीस्टार्ट होतो? दोष शोधताना या चुका टाळा

गेम बंद पडून डेस्कटॉप दिसणे आणि गेम सुरू असताना अख्खा संगणकच रीस्टार्ट होणे हे दोन वेगळे बिघाड आहेत, आणि दोन्हींवर एकच इलाज करत बसणे ही या बाबतीतली सर्वांत वेळखाऊ चूक आहे. विंडोजच्या दृष्टीने गेम हा इतर प्रोग्रॅमसारखाच एक प्रोग्रॅम असतो; त्याची एखादी फाइल खराब झाली, तर विंडोज तेवढा प्रोग्रॅम बंद करते. संगणक रीस्टार्ट होत असेल, तर दोष बहुधा गेमच्या खालच्या थरात, म्हणजे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर), रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा वीजपुरवठा यांपैकी कशात तरी असतो. काही ऑनलाइन गेम फसवेगिरी रोखण्यासाठी स्वतःचा कर्नेल ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर, बसवतात, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा. एरवी शंभर जीबीचा गेम पुन्हा डाउनलोड करून काही हाती लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे पुरावा न पाहताच दुरुस्तीला लागणे. विंडोजमध्ये गंभीर बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय मुळातच चालू असते, त्यामुळे बिघाडाची माहिती देणारा निळा पडदा क्षणभर दिसून जातो किंवा दिसतही नाही. 'ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज'मधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागात जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढावी. त्यानंतर निळा पडदा येऊन थांबला, तर त्यावरचा स्टॉप कोड (बिघाडाचे सांकेतिक नाव) लिहून घ्यावा. पडदा न येता संगणक तसाच रीस्टार्ट झाला, तर तीही मोलाची माहिती आहे.

यानंतर विंडोजने ठेवलेल्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडून 'विंडोज लॉग्ज'मधील 'सिस्टम' पाहावे. रीस्टार्टच्या वेळेपाशी 'कर्नेल-पॉवर', इव्हेंट आयडी ४१ अशी नोंद आढळते. तिच्यातला 'पॉवर' हा शब्द वाचून अनेक जण लगेच नवा पॉवर सप्लाय विकत घेतात. प्रत्यक्षात संगणक आधी रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते. खरी माहिती तिच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये, 'बगचेककोड' या ओळीत असते. तिथे २७८ असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला आणि विंडोजला तो सावरता आला नाही. २९२ असेल, तर प्रोसेसर किंवा इतर हार्डवेअरने न सुधारता येणारी चूक कळवली. तिथे शून्य असेल, तर बहुतेक वेळा विंडोजला काही नोंदवायला उसंतच मिळालेली नसते, आणि मग संशय वीजपुरवठ्यावर घेणे रास्त ठरते.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत केवळ वॉटचा आकडा पाहणे पुरेसे नाही. आधुनिक ग्राफिक्स कार्ड सरासरीने जेवढी वीज ओढते, त्याच्या कितीतरी जास्त वीज काही मिलिसेकंदांपुरती मागते, आणि अशा झटक्यांनी पॉवर सप्लायची संरक्षण यंत्रणा वीज तोडू शकते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या मानकात असे झटके पेलण्याची अट घालावी लागली, ती यामुळेच. म्हणूनच सलग एकसारखा भार टाकणारी चाचणी अर्धा तास चालली, तरी पॉवर सप्लाय निर्दोष ठरत नाही, कारण खेळातला भार सतत चढउतार करत असतो. फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ६० वर रोखून किंवा कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळून पाहावा. रीस्टार्ट थांबले, तर संशय बळावतो. यूपीएस किंवा एक्स्टेन्शन बोर्ड वगळून थेट भिंतीतल्या सॉकेटवरही एकदा चालवून पाहावे.

वायरींकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या संगणकात ग्राफिक्स कार्डाच्या दोन्ही आठ-पिनी जोडण्यांना एकाच वायरीची दोन तोंडे लावलेली होती. आठ-पिनी जोडणी १५० वॉटसाठी असते, म्हणजे कार्डाचा जवळपास सगळा भार त्या एका वायरीवर पडत होता. पॉवर सप्लायपासून दुसरी स्वतंत्र वायर आणून जोडल्यावर रीस्टार्ट थांबले. त्याआधी मी दोनदा विंडोज नव्याने टाकून बसलो होतो. मात्र इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: दुसऱ्या पॉवर सप्लायची मॉड्युलर (काढता-घालता येणारी) वायर तोंड बसते म्हणून कधीही लावू नये. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी निरनिराळी असते आणि चुकीच्या वायरीने कार्ड किंवा डिस्क कायमची जळू शकते. पॉवर सप्लाय उघडण्याचा प्रयत्नही करू नये. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर भारित राहतात.

रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, मिळणारी वेगवान रॅमची तयार जुळणी) ही नेहमीची सेटिंग आहे असे मानले जाते, पण ते ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे मूळ ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणेच, आहे. ते बंद करून दोन-तीन दिवस खेळावे आणि रात्रभर मेमटेस्ट ही रॅम तपासणारी चाचणी चालू ठेवावी. एकही चूक निघाली, तरी ती दुर्लक्षिण्यासारखी नसते. इंटेलचे तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असल्यास बायोस अद्ययावत करणे टाळू नये. त्यांपैकी अनेकांत अतिरिक्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती आणि त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधून दिला गेला. आधीच झालेली झीज मात्र त्याने भरून निघत नाही. तापमानाचा संशय साहजिक असला, तरी तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो, आणि अगदीच हाताबाहेर गेले तर संगणक सहसा रीस्टार्ट न होता बंद होतो.

एका बैठकीत ड्रायव्हर, बायोस आणि वायरी असे सगळे एकदम बदलू नये. एक बदल करावा, ज्या प्रसंगात हमखास रीस्टार्ट होत होता तोच पुन्हा खेळावा आणि तारीख, बदल, बगचेककोड अशी वहीत नोंद ठेवावी. सुटा भाग वॉरंटीत बदलून मागायची वेळ आली, तर हीच वही सोबत न्यावी.